टेकून चालवायच्या सायकलीचे दहा महिने

2022 च्या दिवाळीआधी महिनाभर माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट कामावर पोहोचेपर्यंत बधिर होऊ लागले होते. देसूरच्या बाजूच्या आमच्या गावापासून बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यापर्यंत सुमारे 8 किलोमीटर अंतर मी गेली एकोणीस वर्षे साध्या काळ्या सायकलीने कापत आलो आहे, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्कूटर घेण्याची माझी इच्छा नव्हती. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हँडलवर तळहात टेकून शरीराचा भार देण्याच्या सवयीमुळे मनगटापाशी करंगळीकडे जाणारी नस दाबली जाते. सायकल सोडा किंवा हातावरचा भार सोडा. दुसरा पर्याय त्यांनी बहुधा सहज म्हणून सांगितला असावा. मी मात्र तो शब्दशः घेतला.

पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायच्या सायकलीला रिकम्बंट म्हणतात, हे मला दिवाळीच्या सुटीत वाचताना कळले. फ्रान्समधील शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच सायकलीवर फ्रांस्वा फोर या खेळाडूने 7 जुलै 1933 रोजी पॅरिसमध्ये एका तासात 45.055 किलोमीटर अंतर कापून ऑस्कर एग यांचा 1914 पासूनचा 44.247 किलोमीटरचा विक्रम मोडला होता, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने शर्यतीच्या सायकलीची व्याख्याच अशी केली की आडवी सायकल त्या बाहेर पडली. म्हणजे ही रचना रस्त्यावर हरली नव्हती, नियमावलीत हरली होती. एवढ्या आधारावर मी कामाला लागलो. माझ्या मेहुण्यांनी पेटंट घेण्याचाही सल्ला दिला होता. कर्नाटकातील अर्ज चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात, इथपर्यंत मी चौकशी केली. पण नव्वद वर्षांपूर्वी जगजाहीर झालेली वस्तू नवीन ठरत नाही, हे लक्षात आल्यावर तो विचार तेथेच सोडला आणि अर्जाचे शुल्क वाचले.

नोव्हेंबरमध्ये एका भंगारवाल्याकडून 26 इंची चाकांची लेडीज सायकल 700 रुपयांना आणि लहान मुलांची 20 इंची सायकल 450 रुपयांना घेतली. जुनी सायकल घेताना फ्रेमवर ठोकलेला क्रमांक लिहून घेतलेली हातपावती अवश्य मागावी. भंगारवाले आधी हसतात, पण देतात, आणि ती पावती मला पुढे उपयोगी पडली.

मोठे काम सुरू करण्यापूर्वी मी एक चूक केली, आणि ती सांगितल्याखेरीज पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आडव्या सायकलीत पायडल पुढे असते आणि ओढ मागच्या चाकाला द्यायची असल्याने चेन फार लांब होते. त्यावर मला असा तोडगा सुचला की पुढच्या चाकालाच चेन द्यावी आणि वळवण्याचे काम मागच्या चाकाकडे सोपवावे. 11 डिसेंबरच्या रविवारी दोन जुन्या फ्रेमचे तुकडे जोडून अशी एक सायकल उभी केली. ती दहा फूटही कोणाला चालवता आली नाही. मला नाही, कारखान्यातील तरुण मुलांना नाही, आणि सर्कशीतल्यासारखी सायकल चालवणाऱ्या शेजारच्या मुलालाही नाही. कारण नंतर कागदावर उमगले. साधी सायकल डावीकडे कलू लागली की आपण नकळत पुढचे चाक डावीकडे वळवतो आणि चाके पुन्हा शरीराखाली येतात. मागचे चाक वळणारे असेल तर डावीकडे वळण्यासाठी सायकलीचा मागचा भाग आधी उजवीकडे सरकावा लागतो, म्हणजे नेमक्या पडण्याच्या क्षणी आधार उलट दिशेला जातो. ब्रिटनमधील डेव्हिड जोन्स यांनी 1970 साली मुद्दाम न चालवता येणारी सायकल बनवण्याचे प्रयोग केले होते आणि त्यांना ते बरेच अवघड गेले होते; मला ते काम एका रविवारी, काहीही न ठरवता जमले. त्या जोडकामाचे 400 रुपये मी पुढच्या हिशेबात धरलेले नाहीत.

यानंतर नळीचा प्रश्न आला. आमच्या कारखान्यात 38 मिलिमीटर व्यासाच्या आणि 1.6 मिलिमीटर जाडीच्या पाइपचे उरलेले तुकडे भंगारात पडून असतात. ते हातात धरून फाटकाबाहेर नेता येत नाहीत, ही गोष्ट योग्यच आहे; पण विकत घेऊन न्यायलाही किती दिवस लागतात याची मला कल्पना नव्हती. 2 जानेवारी 2023 रोजी मी लेखी मागणी दिली. ती विभागप्रमुखांच्या सहीने स्टोअरमध्ये गेली, स्टोअरने वजन करून भंगाराचा दर लावण्यासाठी ती लेखा विभागाकडे पाठवली, आणि तेथे ती अडली, कारण संगणकात खरेदीदाराचा क्रमांक असल्याशिवाय बिल निघत नव्हते आणि कामगाराला खरेदीदाराचा क्रमांक देण्याची पद्धत नव्हती. अखेर मला ‘इतर ग्राहक’ म्हणून नोंदवण्यात आले. साडेसहा किलो पाइप, किलोला 48 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 368 रुपयांचे बिल आणि तीन प्रतींतला गेट पास 25 जानेवारीला हातात आला. तेवीस दिवसांत मी रोज दुपारी जेवणानंतर एक चक्कर मारत होतो. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी मागणी अर्जातच ‘स्वतःच्या वापरासाठी, पुनर्विक्रीसाठी नाही’ असे लिहावे. ते वाक्य नसल्याने माझा अर्ज एकदा परत आला होता.

फेब्रुवारीत जोडकाम झाले. उद्यमबागेत वेल्डिंगची दुकाने पुष्कळ आहेत, पण फाटके आणि शेड बनवणाऱ्या हाताला सायकलीची पातळ नळी सोसत नाही. साध्या रॉडच्या वेल्डिंगने दीड मिलिमीटरच्या नळीला भोक पडते. म्हणून सीओटू वेल्डिंग, म्हणजे वायूच्या आवरणात बारीक तार वितळवून केलेले जोडकाम, करणारा माणूस शोधला. त्याने एक गोष्ट शिकवली, जी मी कोठे वाचली नव्हती. जुन्या फ्रेममधून हेड पाइप (हँडलचा दांडा जिच्यात फिरतो ती पुढची नळी) आणि पायडलचा कप बसतो तो तुकडा कापताना दोन्हींना दोन-दोन इंच नळ्या ठेवून कापायच्या आणि नवा सांधा त्या नळ्यांवर करायचा. सांधा थेट हेड पाइपवर केला तर उष्णतेने ती अंडाकृती होते, मग कप बसत नाही आणि छर्रे अडकतात. जोडकामाचे 1,200 रुपये झाले.

सीटसाठी आधी तुटकी प्लास्टिकची खुर्ची कापून पाहिली, ती भेगाळली. मग लोखंडी चौकट करून तिच्यावर खाटेची नवार विणली, खर्च 260 रुपये. ते विणत मी अंगणात बसलो असताना आई बाहेर आली आणि म्हणाली, “हे काय करूलालास रे? ही खाट म्हणायची की सायकल?” प्रश्न रास्त होता. पण नवारीची निवड मात्र या सगळ्या कामातील सर्वांत चांगली ठरली, कारण पाठीला वारा लागतो आणि सैल झाली की पुन्हा ताणता येते.

चेनचा हिशेब येथे सविस्तर देतो, कारण माझा त्यात फजितीचा अनुभव आहे. पायडलच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत 125 सेंटिमीटर अंतर, पुढे 44 दाते, मागे 18 दाते आणि प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिलिमीटरची. हे मांडले की 228 कड्या लागतात. साध्या सायकलीची बाजारात मिळणारी चेन 112 कड्यांची, म्हणून मी दोन आणल्या. त्यांच्या झाल्या 224. चार कड्यांसाठी 180 रुपयांची तिसरी चेन घ्यावी लागली. सांगाडा बनवण्यापूर्वी हा हिशेब केला असता तर पायडल अडीच सेंटिमीटर मागे घेऊन काम भागले असते.

5 मार्चच्या रविवारी पहाटे ही सायकल टेम्पोतून टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोवर नेली, कारण तेथे झाडी आहे, वाहने नाहीत आणि पडल्यास पाहणारे फक्त फिरायला आलेले ज्येष्ठ नागरिक असतात. मुलगी मागून सीट धरून पळत होती. मी अकरा वेळा पडलो, परंतु सीट जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर असल्याने पडणे म्हणजे कुशीवर वळण्यासारखे होते. त्रास दुसराच होता. वेग कमी असताना हँडल थोडे वळवले की ते आपोआप त्या बाजूला कोसळत असे, जणू पुढच्या चाकाला कोणी ओढत आहे.

याचे मूळ हेड पाइपच्या कोनात होते. पुढचे चाक दूर टाकण्याच्या नादात मी ती जमिनीशी 55 अंशांत बसवली होती. हेड पाइपच्या रेषेत एक सरळ काठी धरून ती जमिनीला कोठे टेकते तेथे खूण करावी, मग चाकाच्या एक्सलपासून ओळंबा सोडून दुसरी खूण करावी. या दोन खुणांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. माझा ट्रेल साडेबारा सेंटिमीटर भरला. 65 अंशांचा कोन केला की त्याच चाकाला आणि त्याच फोर्कला तो सव्वासात सेंटिमीटरवर येतो. डेल्फ्ट आणि कॉर्नेल येथील संशोधकांनी 2011 साली ट्रेलशिवायही स्वतःचा तोल सांभाळणारी सायकल करून दाखवली आहे, त्यामुळे ट्रेल हेच तोलाचे एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही. पण अंगणात काठी आणि ओळंबा एवढीच साधने असणाऱ्याला मोजता येईल अशी तीच एक गोष्ट आहे. हेड पाइप कापून पुन्हा जोडण्याचे 350 रुपये झाले, आणि गुढीपाडव्याला, 22 मार्च रोजी, मी प्रथमच न पडता गावातल्या मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत आलो.

शिकताना उपयोगी पडलेली गोष्ट एवढीच की हात सैल ठेवावेत. साध्या सायकलीवर आपण कंबर हलवून तोल सावरतो. येथे पाठ सीटला बांधल्यासारखी असते, त्यामुळे घाबरलेला माणूस सगळे हातांनी करू पाहतो आणि सायकल सापासारखी जाते. उताराच्या तोंडाशी उभे राहून, एक पायडल वर आणून, पहिला दाब जोरात द्यावा. दुसरी अडचण टाचेची. पायडल पुढच्या चाकाच्या लगेच मागे असल्याने अवघड वळणावर टाच चाकाला लागते. अशा वळणात पायडल मारणे थांबवायचे असते, हे माझ्या पायाला कळायला पंधरा दिवस लागले आणि एक चप्पल गेली.

एप्रिलपासून ती कामावर नेऊ लागलो. पहिल्या दिवशी 8 किलोमीटरला 38 मिनिटे लागली. काळ्या सायकलीला 32 लागत. मांड्यांचे वेगळेच स्नायू दुखत होते. सपाटीवर आणि उतारावर ती सहज पुढे जाते, कारण वाऱ्याला अडणारे अंग कमी असते, पण चढावर पायडलवर उभे राहून शरीराचा भार देण्याची सोय नाही. रेल्वेवरच्या पुलाच्या चढाला मी दोनदा उतरून ढकलत गेलो. मागे 18 ऐवजी 22 दातांचे फ्रीव्हील, किंमत 190 रुपये, बसवल्यावर ढकलणे थांबले. त्यासाठी आणखी दोन कड्या लागल्या, त्या तिसऱ्या चेनमधूनच घेतल्या. लोंबणारी चेन उचलून धरायला एका टर्नर मित्राने नायलॉनची पुली 120 रुपयांत करून दिली. पुली खालच्या, सैल बाजूला लावावी. ओढ घेणाऱ्या वरच्या बाजूला लावली की पायांचा जोर पुलीत जातो आणि ती किरकिर करते. ब्रेकही मागचाच मुख्य ठेवावा, कारण पुढच्या चाकावर वजन कमी असल्याने वाळूवर ते घसरते.

30 एप्रिलच्या रविवारी महाराष्ट्राच्या हद्दीतील शिनोळीपर्यंत जाण्याचा बेत केला. कर्नाटक विधानसभेचे मतदान 10 मे रोजी होते, त्यामुळे सीमेवरच्या बाचीच्या नाक्यावर प्रत्येक वाहनाची तपासणी चालली होती, हे मी विसरलो होतो. तेथील हवालदारांनी हात केला आणि सायकलीभोवती एक फेरी मारून विचारले, “इदेन्री सर?” (हे काय आहे, सर?) सायकल आहे, असे मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितले. पिशवी तपासून झाली, पण नोंदवहीत वाहन क्रमांकाचा रकाना होता आणि तो रिकामा ठेवायला ते तयार नव्हते. कागद आहेत का, असे विचारल्यावर मी भंगारवाल्याची पावती आणि पाइपचे बिल पुढे केले. त्यांनी पावतीवरचा फ्रेम क्रमांक त्या रकान्यात लिहिला आणि मला सोडले. वीस मिनिटे गेली, त्यातली दहा मिनिटे तिघांनी सीटवर बसून पाहण्यात गेली. परत येताना नाक्यावर कोणी थांबवले नाही, फक्त हात हलवला.

जूनच्या मध्यास पायडल दाबताना मागून टक् असा आवाज येऊ लागला. रोजच्या 16 किलोमीटरच्या हिशेबाने तोवर सुमारे 1,000 किलोमीटर झाले होते. सीटखालच्या सांध्यावर केसासारखी तांबूस रेघ दिसली. नळीला चीर गेली होती आणि तिच्यातून गंज बाहेर आला होता. मी फिकट पिवळा रंग दिला होता म्हणून ती दिसली, काळा असता तर दिसली नसती आणि एखाद्या सकाळी मी रस्त्यावर दोन तुकड्यांत सापडलो असतो. चूक माझी होती. हेड पाइपपासून सीटपर्यंत मी एकच आडवी नळी दिली होती, आणि पायडलच्या प्रत्येक दाबाला ती किंचित वाकत होती. सायकल चालताना घोड्यासारखी हलते याचे मला तोवर कौतुक वाटत होते. वेल्डिंगवाल्याने चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती भरली, आणि उरलेल्या पाइपची एक तिरकी नळी खालून दिली, म्हणजे त्रिकोण पुरा झाला. 500 रुपये झाले, वजन साडेएकवीस किलोवर गेले आणि घोड्याची चाल बंद झाली. घरी सायकल बनवणाऱ्याने इतर काही वाचले नाही तरी चालेल, पण पहिल्या हजार किलोमीटरपर्यंत दर रविवारी प्रत्येक सांधा ओल्या फडक्याने पुसून पाहावा.

जुलैच्या पावसाने आणखी दोन उणिवा दाखवल्या. पुढच्या चाकाचा चिखल थेट पोटरीवर येतो, त्यासाठी मडगार्ड टाचेपर्यंत वाढवले. नवार भिजली की दिवसभर वाळत नाही आणि संध्याकाळी घरी जाताना पँट ओली होते, यावर प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. शहरात शिरल्यावर मात्र भीती वाटते ती कायम आहे. बसच्या चालकाला आपण दिसत नाही. काठीवर भगवी पताका लावून ती त्याच्या नजरेच्या उंचीला आणली, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक लावला, तरी गर्दीच्या वेळी खडेबाजारात मी ही सायकल नेत नाही. तेथे काळीच बरी.

ऑगस्टमध्ये मुलाने चढासाठी लहान मोटर बसवण्याचे सुचवले. नोंदणी लागेल का हे विचारण्यासाठी मी संबंधित कार्यालयात तीनदा गेलो, दुसऱ्यांदा अर्ज कन्नडमधून लिहून नेला. तो आमच्या कारखान्यातील एका सहकाऱ्याने लिहून दिला. मिळालेले उत्तर असे. केवळ पायाने चालणाऱ्या सायकलीला, तिचा आकार कसाही असो, नोंदणीची गरज नाही. मोटर बसवल्यास तिची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळता वजन 60 किलोच्या आत असले तरच सवलत मिळते, पण त्या नमुन्याला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेची मंजुरी हवी. 368 रुपयांच्या पाइपसाठी तेवीस दिवस घालवलेल्या माणसाने तो नाद केला नाही.

आता त्याच 8 किलोमीटरला जाताना 29 मिनिटे लागतात, वारा समोरून असेल तर काळ्या सायकलीपेक्षा पाच-सहा मिनिटांचा फरक पडतो, आणि चढाच्या तुकड्यात काळी अजूनही पुढे जाते. टायर, ट्यूब, रंग आणि किरकोळ सामान धरून 6,258 रुपये खर्च झाला. करंगळीचा बधिरपणा मेमध्येच गेला. शेजारचे बोट थंडीत अधूनमधून आठवण देते. तिसऱ्या चेनच्या उरलेल्या 106 कड्या पडवीतल्या खिळ्याला टांगलेल्या आहेत. मागच्या चाकाला सहा गिअर बसवण्याचा विचार आहे, पण गिअरची चेन अरुंद असते, म्हणजे त्या 106 कड्याही फुकट जातील आणि नव्या दोन चेन घ्याव्या लागतील. या वेळी कड्या आधी मोजणार आहे.